बालकाचें नवें यकृत आणि औषधाचें माप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकालाचें स्मरण करावें, उपकारकर्त्यांचे आभार मानावे व पुढील पिढीस चार हिताच्या गोष्टी सांगाव्या, अशी आपल्याकडे चाल आहे. यांपैकीं पहिलीं दोन कामें आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं उत्तम प्रकारें पार पाडलीं आहेत. तिसऱ्या कामाचा एक लहानसा भाग आमच्या वांट्यास आला आहे. आणि त्यासाठीं आम्हीं निवडलेला विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. ज्या बालकांचें यकृत बदलावें लागतें, त्यांस बहुधा जन्मभर घ्यावयाच्या औषधाचें माप कसें ठरतें, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास कारण आहे. अशा मुलांच्या आईबापांच्या तोंडून दोन प्रश्न वारंवार ऐकूं येतात. एक असा कीं, आमचें लेंकरू एवढेंसें, मग वजनाच्या मानानें पाहतां त्यास मोठ्या माणसाहून अधिक औषध कां? दुसरा असा कीं, शेजारच्या खाटेवरील मुलाचा आजार तोच, वजनहि तेंच. मग त्यास दोन गोळ्या व आमच्या मुलास चार, हें कसें? प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांचें उत्तर मिळालें नाहीं, म्हणजे मनुष्य स्वतःच उत्तर बनवितो. अधिक औषध म्हणजे अधिक आजार, असें कोणी समजतो. वैद्यांनीं हिशेबांत चूक केली, असें कोणी समजतो. आणि कोणी मायेपोटीं एक गोळी गुपचूप कमी करितो. या शेवटच्या मायेची किंमत कधीं कधीं नवें यकृत गमावून द्यावी लागते. म्हणून या दोन प्रश्नांचीं खरीं उत्तरें आज आपणांपुढें मांडावीं, असा आमचा हेतु आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. बालकांत यकृत बदलण्याची पाळी ज्या रोगानें सर्वांत अधिक वेळां येते, त्यांत अर्भकाच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारासच बुजून जातात. पित्तास वाट न मिळाल्यानें तें यकृतांतच कोंडतें व तेथील पेशी हळूहळू नासून यकृत दगडासारखें कठीण होतें. मुलाचे डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते व शौच पांढुरकें, मातीच्या रंगाचें होतें. येथें एक सूचना करून ठेवितों. जन्मास दोन आठवडे उलटूनहि कावीळ ओसरली नाहीं व शौचाचा रंग फिका असला, तर दृष्ट काढीत किंवा झाडपाला देत न बसतां मुलास त्वरित बालरोगतज्ज्ञाकडे न्यावें. जपानांतील सेंडाई येथील शस्त्रवैद्य मोरिओ कासाई यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आंतड्याचा भाग थेट यकृतास जोडून पित्तास नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया शोधून काढली. ती पहिल्या दोन महिन्यांच्या आंत झाल्यास यशाची आशा अधिक असते. ती साधली नाहीं, अथवा साधूनहि पुढें यकृत खचलें, तर दुसऱ्याचें यकृत बसविणें हाच मार्ग उरतो.

हा मार्ग सहजासहजीं खुला झालेला नाहीं. अमेरिकेंतील डेन्व्हर येथें थॉमस स्टार्झल यांनीं १ मार्च १९६३ रोजीं मनुष्याच्या यकृताचें पहिलें प्रत्यारोपण केलें, तें अशाच रोगानें पीडलेल्या ३ वर्षांच्या एका बालकावर. तें बालक रक्तस्रावानें शस्त्रक्रियेंतच दगावलें. पुढें १९६७ सालीं त्याच शस्त्रवैद्यांच्या हातून एका लहान मुलीवर केलेलें प्रत्यारोपण प्रथम यशस्वी झालें व ती एक वर्षाहून अधिक काळ जगली. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें रसेल स्ट्रॉंग यांनीं एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलास बसवून जिवंत दात्याकडून होणारें पहिलें यशस्वी प्रत्यारोपण केलें. आपल्या देशांत अवयवदानाचा कायदा १९९४ सालीं झाला. आणि १९९८ सालच्या नोव्हेंबरांत दिल्ली येथील अपोलो रुग्णालयांत २० महिन्यांच्या एका बालकास त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसविण्यांत येऊन बालकांतील हें कार्य भारतांत प्रथमच सफल झालें. आज मुंबई, पुणें, चेन्नई, दिल्ली अशा अनेक शहरांत हें कार्य होत आहे.

शस्त्रवैद्यांचें कौशल्य कितीहि मोठें असलें, तरी केवळ त्यावर हें कार्य तगलें नसतें. कारण परक्या वस्तूस घरांत येऊं न देणें हा आपल्या शरीराचा धर्म आहे. रक्तांतील टी-पेशी गांवच्या रखवालदाराप्रमाणें रात्रंदिवस फिरत असतात. जंतु दिसला कीं त्या त्यावर तुटून पडतात. आणि नवें यकृत आईनें दिलेलें असलें, तरी रखवालदारास तें परकेंच दिसतें. तो आरोळी ठोकून इतर पेशींस जमवितो व सर्व मिळून त्या यकृताचा अव्हेर करितात. म्हणून रखवालदाराची आरोळी मंद करणारें औषध हवें. पहिलें प्रभावी औषध सायक्लोस्पोरिन हें नॉर्वेंतील मातीच्या नमुन्यांत आढळलेल्या एका बुरशीपासून मिळालें व त्याचा हा गुण १९७२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें ओळखला गेला. दुसरें अधिक बलवान औषध जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या सूक्ष्म जीवापासून १९८४ सालीं मिळालें. त्याचें नांव टॅक्रोलिमस. स्टार्झल यांनीं पिट्सबर्ग येथें १९८९ सालीं तें रोग्यांवर प्रथम वापरलें व १९९४ सालीं अमेरिकेच्या सरकारनें त्यास मान्यता दिली. आज यकृत बदललेल्या बहुतेक बालकांच्या उपचाराचा मुख्य आधार हेंच औषध आहे. म्हणून आमचें पुढील विवेचन त्यासंबंधींच समजावें.

या औषधाची वाट अतिशय अरुंद आहे. तें कमी पडलें, तर रखवालदार जागा होऊन यकृताचा अव्हेर करितो. अधिक झालें, तर मूत्रपिंडास इजा होते, हात कांपतात, रक्तदाब चढतो, रक्तांत साखर वाढते, आणि रखवालदार अगदींच निजल्यामुळें साध्या जंतूंचेंहि फावतें. लहान मुलांस तर आणखी एक धोका असतो. एप्स्टाइन-बार नांवाचा जो विषाणु बहुतेक मोठ्या माणसांस पूर्वींच भेटून गेलेला असतो, तो लहान मुलास प्रत्यारोपणानंतर प्रथमच भेटतो. आणि प्रतिकार फार दाबलेला असेल, तर त्यांतून लसिकाग्रंथींचा गंभीर विकार उद्भवूं शकतो. याकरितां सकाळचें औषध देण्यापूर्वीं रक्त काढून त्यांत मागील मात्रेचा किती अंश उरला आहे, हें मोजतात. यास आपण तळपातळी म्हणूं. आरंभींच्या आठवड्यांत ही पातळी एका मिलिलिटर रक्तांत सुमारें ८ ते १२ नॅनोग्रॅम व वर्ष लोटल्यावर ५ च्या आसपास असावी, असा बहुतेक ठिकाणचा प्रघात आहे. निरनिराळ्या रुग्णालयांत थोडाफार फरक असतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्या बारीक मापांत चालावयाचें, तेव्हां अंदाजाचें काम नव्हे, हें आपल्या लक्षांत येईल.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. युरोपांतील औषधपत्रकांत यकृत बदललेल्या मोठ्या माणसास आरंभीं दर किलो वजनास दिवसाचे ०.१० ते ०.२० मिलिग्रॅम, व बालकास ०.३० मिलिग्रॅम, दोन भागांत द्यावे असें सांगितलें आहे. मोठ्यांइतकी रक्तपातळी राखण्यास बालकास वजनाच्या मानानें दीडपट ते दुप्पट औषध लागतें, असेंहि त्यांत नमूद आहे. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं सांगितले आहेत. त्यांवरून कोणीं घरीं हिशेब करूं नये. तथापि उदाहरण घेऊं. मोठ्या माणसाचें वजन ६० किलो व त्याचें औषध दिवसास ६ मिलिग्रॅम असलें, तर १० किलोच्या मुलास त्रैराशिकानें १ मिलिग्रॅम यावें. प्रत्यक्षांत एवढें त्यास पुरत नाहीं. कारण शरीराची खर्च करण्याची गति वजनाच्या सरळ प्रमाणांत बदलत नसते. पेजेचें मोठें भांडें सावकाश निवतें व वाटींतील पेज लवकर निवते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. लहान देहाचाहि व्यवहार कांहींसा असाच आहे. त्याचें हृदय जलद चालतें, श्वास जलद चालतो, आणि औषधहि जलद खर्च होतें. शास्त्रज्ञ यासाठीं वजनाच्या प्रमाणाचा पाऊण घात घेतात. त्या रीतीनें वरील उदाहरणांत १ ऐवजीं सुमारें १.६ मिलिग्रॅम येतात.

आणखी एक कारण यकृताच्या आकारांत आहे. दात्याच्या यकृताचा डावा लहान भाग काढून मुलास बसवितात. तो सुमारें २५० ग्रॅमचा व मूल ८ किलोचें असें धरल्यास तें यकृत मुलाच्या वजनाच्या शेंकडा ३ हून किंचित् अधिक भरतें. मोठ्या माणसांत हेंच प्रमाण शेंकडा २ च्या जरा वर असतें. अर्थात् लहान घरांत मोठी चूल बसविल्यासारखें झालें; सरपण अधिक जळणारच. शिवाय हें यकृत वयानें मोठ्याचें असतें. तान्ह्या मुलाच्या स्वतःच्या यकृतांत औषध जाळणारीं कांहीं द्रव्यें अजून अपुरीं असतात, व गर्भावस्थेंतील निराळ्या द्रव्याची जागा तीं जन्मानंतर हळूहळू घेतात. दात्याच्या यकृतांत मात्र तीं पूर्ण वाढलेलींच येतात. म्हणजे एक वर्षाच्या देहांत तीस वर्षांचें यकृत नांदूं लागतें. शस्त्रक्रियेच्या आघातानंतर पहिले कांहीं दिवस तें मंद असतें. मग सांवरतें, आणि मग औषधाचा खर्च वाढतो. म्हणून पहिल्या कांहीं आठवड्यांत मात्रा वरचेवर बदलावी लागते. त्यांत वैद्यांचा गोंधळ नसून यकृत सांवरत असल्याची ती खूण असते.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वयांत सांपडत नाहीं. तें वंशपरंपरेंत सांपडतें. टॅक्रोलिमस मोडून टाकण्याचें काम आंतड्याच्या अस्तरांत व यकृतांत चालतें. तें काम करणारे दोन मुख्य कारागीर आहेत. शास्त्रज्ञ अशा कारागिरांस एन्झाइम म्हणतात. या दोघांचीं नांवें सीवायपी ३ए४ व सीवायपी ३ए५ अशीं आहेत. पहिला बहुतेक सर्वांत असतो. दुसरा कित्येकांत असतो व कित्येकांत जवळजवळ नसतोच. असें कां, हें २००१ सालीं उलगडलें. हा कारागीर कसा घडवावा याचा लेख प्रत्येकास दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून व एक बापाकडून. यालाच जनुक म्हणतात. एका प्रकारच्या प्रतींत एकच अक्षर बदललेलें असतें. जुन्या नोंदवहीवरून नक्कल करणाऱ्या लेखनिकास त्या अक्षरामुळें भलतेंच पान जोडण्याची भूल पडते, त्या पानावर मध्येंच 'समाप्त' असा शब्द येतो, आणि नक्कल अर्धवट राहते. अर्धवट नकलेवरून कारागीर घडत नाहीं. दोन्हीं प्रती अशा असल्या, तर हा दुसरा कारागीर कामावर नसतो. एक जरी प्रत शुद्ध असली, तरी तो कामावर येतो.

यांत रोग असा कांहींच नाहीं, हें ध्यानांत धरावें. कारागीर असलेला मनुष्य व नसलेला मनुष्य, दोघेहि सारखेच निरोगी असतात व हें औषध घेण्याची वेळ येईपर्यंत हा भेद कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं. युरोपीय वंशाच्या लोकांत शेंकडा १० ते २० जणांतच हा कारागीर कामावर असतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो बहुसंख्यांत असतो. आपल्या भारतीयांत प्रमाण या दोहोंच्या मधलें आहे. म्हणून एकाच खोलींत, एकाच वजनाचीं दोन मुलें असतां एकास दोन गोळ्या व दुसऱ्यास चार लागाव्या, यांत नवल नाहीं. चार गोळ्या घेणारें मूल अधिक आजारी नसतें. त्याच्या देहांत औषध खर्च करणारे हात अधिक आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु यकृताच्या बाबतींत ही गोष्ट येथेंच संपत नाहीं. मूत्रपिंड बदललेल्या मनुष्याचें यकृत व आंतडें दोन्हीं त्याचींच असतात. यकृत बदललेल्या बालकांत मात्र दोन वंशांचे लेख एकत्र नांदतात. आंतडें त्याचें स्वतःचें व यकृत दात्याचें. आणि औषध तर दोन्हीं ठिकाणीं मोडलें जातें! समजा, आईजवळ एक शुद्ध व एक सदोष प्रत आहे, आणि बापाच्या दोन्हीं प्रती सदोष आहेत. मुलास आईकडून सदोष प्रत मिळाली, तर त्याच्या आंतड्यांत तो कारागीर नाहीं. पण यकृत आईनें दिलें, तर यकृतांत तो आहे. उलटपक्षीं मुलास आईकडून शुद्ध प्रत मिळाली व यकृत बापानें दिलें, तर आंतड्यांत कारागीर आहे व यकृतांत नाहीं. दोन्हींकडे असला, तर औषध सर्वांत अधिक लागतें. दोन्हींकडे नसला, तर सर्वांत कमी. आणि एकीकडेच असला, तर बहुधा मधलें लागतें. आरंभींच्या दिवसांत, यकृत सांवरत असतां, आंतड्याचा वांटा अधिक दिसतो. पुढें यकृताचा वांटा वाढत जातो, असें बहुतेक निरीक्षणांत आढळलें आहे. म्हणून अशा बालकाची जनुक-परीक्षा करावयाची झाल्यास एकट्या मुलाची करून भागत नाहीं. दात्याचीहि करावी लागते. आईबापांच्या मनांत कधीं कधीं अशी शंका येते कीं, दात्याचें रक्त कशाला हवें, तो तर आतां बरा होऊन घरीं गेला. त्या शंकेचें उत्तर हेंच. दाता घरीं गेला, पण त्याच्या वंशाचा एक लेख मुलाच्या पोटांत राहिला आहे.

येथें कोणी विचारील कीं, मग जनुक-परीक्षा करून प्रथमच बिनचूक मात्रा कां ठरवूं नये? विचार उत्तम आहे, व त्या दिशेनें काम झालेलेंहि आहे. फ्रान्समधील संशोधकांनीं मूत्रपिंड बदललेल्या २८० मोठ्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. जनुक पाहून मात्रा दिलेल्यांपैकीं अधिक जण अपेक्षित पातळीस लवकर पोंचले. परंतु अवयवाच्या अव्हेरांत फरक दिसला नाहीं. २०१५ सालीं तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें अशी शिफारस केली कीं, ज्यांच्यांत हा कारागीर कामावर आहे, त्यांस आरंभींची मात्रा दीडपट ते दुप्पट द्यावी. मात्र दिवसास दर किलो ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये व रक्तपातळी मोजीत राहावें. यकृताच्या बाबतींत दाता व घेणारा यांचे लेख सारखे असतील तेव्हांच ही शिफारस लागू करावी, अशी पुस्तीहि त्यांनीं जोडली आहे. आणि २०१८ सालीं कॅनडांत अवयव बदललेल्या बालकांवर झालेल्या एका प्रयोगांत वय व जनुक हीं दोन्हीं पाहून आरंभींची मात्रा दिली असतां अपेक्षित पातळी नेहमींच्या रीतीपेक्षां लवकर गांठली गेली.

यावरून निघणारें तात्पर्य मर्यादित पण मोलाचें आहे. वय व वंश यांवरून पहिलें पाऊल कोठें टाकावें, हें कळतें. पुढील प्रत्येक पाऊल रक्त मोजूनच टाकावें लागतें. होडी कोणत्या धक्क्यावरून सोडावी हें नकाशा सांगेल, पण खाडींत शिरल्यावर पाण्याची खोली बांबूनें मोजीतच जावें लागतें. जनुक-परीक्षा हा नकाशा व रक्त-परीक्षा हा बांबू. ज्या ठिकाणीं नकाशा मिळत नाहीं, तेथेंहि बांबू नीट वापरणारे नाविक होडी सुखरूप नेतात. म्हणून ही परीक्षा झाली नाहीं, एवढ्यावरून आईबापांनीं आपल्या मुलाच्या उपचारांत कांहीं उणें राहिलें, असें मानूं नये.

आतां घरांत पाळावयाच्या गोष्टी सांगतों. कारण नकाशा व बांबू वैद्यांच्या हातीं असले, तरी वल्हीं आईबापांच्या हातीं आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. औषध बारा-बारा तासांनीं, रोज त्याच वेळीं व त्याच रीतीनें द्यावें. एक दिवस उपाशीपोटीं व एक दिवस जेवणावर, असें करूं नये. रक्त तपासण्याच्या दिवशीं सकाळचें औषध बरोबर न्यावें व रक्त दिल्यावरच पाजावें. आधीं पाजलें, तर पातळी खोटी उंच दिसते व तीवरून मात्रा नाहक कमी होते.

दुसरी गोष्ट मापाची. तान्ह्यांस औषधाचें पातळ मिश्रण देतात. तें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या तीव्रतेचें बनतें. कोठें एका मिलिलिटरांत अर्धा मिलिग्रॅम, तर कोठें एक. तेव्हां बाटली नवी आली कीं एका मिलिलिटरांत किती मिलिग्रॅम आहेत, हें विचारून घ्यावें व सुईविरहित पिचकारीनेंच मोजावें. घरांतील चमचा हें माप नव्हे. तसेंच दुकानदारानें दुसऱ्या कंपनीचें औषध पुढें केलें, तर आपल्या वैद्यांस विचारल्यावांचून तें घेऊं नये.

तिसरी गोष्ट जुलाबांची. जुलाब झाले म्हणजे औषध वाहून जाईल व पातळी उतरेल, असें आपणांस वाटतें. घडतें बहुधा उलट. आंतड्याच्या अस्तरांत औषध मोडणारे व परत लोटणारे जे पहारेकरी असतात, तेच जुलाबांत निकामी होतात. त्यामुळें औषध अधिक प्रमाणांत रक्तांत शिरतें व पातळी चढते. म्हणून जुलाब लागतांच रुग्णालयास कळवावें. आपल्या मनानें मात्रा वाढवूं नये व सोडूंहि नये.

चौथी गोष्ट इतर औषधांची व पदार्थांची. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन व फ्लुकोनाझोल यांसारखीं औषधें त्या कारागिरांचे हात बांधतात, व टॅक्रोलिमसची पातळी चढते. क्षयावरील रिफॅम्पिसिन व फेफऱ्यावरील फेनिटॉइन हीं कारागिरांची संख्या वाढवितात, व पातळी कोसळते. आपल्या कोंकणपट्टींत हौसेनें खाल्लें जाणारें पपनस या फळांतहि कारागिरांचे हात बांधण्याचा गुण आहे. ग्रेपफ्रूटची गोष्ट तशीच. तीं फळें अशा मुलांस वर्ज्य समजावीं. प्रतिकारशक्ति वाढविणारे म्हणून जे काढे व चूर्णें विकलीं जातात, त्यांविषयीं तर काय सांगावें! ज्या शक्तीस आवर घालण्यासाठीं एवढा खटाटोप, तीच वाढविण्याचा प्रयत्न एका हातानें करून दुसऱ्या हातानें औषध पाजणें हें शहाणपणाचें नव्हे.

पांचवी गोष्ट वाढत्या वयाची. मूल मोठें होत जातें तसतसें दर किलोस लागणारें औषध कमी होत जातें. मात्रेचा आंकडा तोच राहून वजन वाढलें, म्हणजे मात्रा आपोआप उतरली, हेंहि खरें. म्हणून दुसऱ्या वर्षींचा कागद पांचव्या वर्षीं चालत नाहीं. आणि पुढें बारा-तेरा वर्षांचें वय येतें. त्या वेळीं देहाहून मनाचा प्रश्न मोठा होतो. मुलास आपण इतरांसारखे असावें असें वाटतें. शाळेच्या सहलींत गोळी काढावयास लाज वाटते. बरें वाटत असतां औषध कशाला, असा विचार येतो. ज्या मुलांची रक्तपातळी कधीं उंच, कधीं खालीं अशी हेलकावे खाते, त्यांच्यांत उशिरा होणाऱ्या अव्हेराचा धोका अधिक असतो, असें अमेरिकेंतील अनेक रुग्णालयांच्या अभ्यासांतून दिसलें आहे. या वयांत धाक कामीं येत नाहीं. आपल्या पोटांत काय आहे, तें कोणीं दिलें, व त्यास काय लागतें, हें ज्या मुलास लहानपणापासून समजावून सांगितलें असेल, तें मूल स्वतःच्या हातानें औषध घेऊं लागतें.

शेवटीं दोन शब्द आम्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीं. अशा घरास गांव सढळ हातानें मदत करितो. वर्गण्या जमतात, रक्त देण्यास तरुण धांवतात. ही आपल्या लोकांची मोठीच पुण्याई होय. परंतु शस्त्रक्रियेनंतरचीं वर्षें लांब असतात, आणि त्या वर्षांत पैशापेक्षां आपली जीभ अधिक महत्त्वाची ठरते. "अमक्याच्या मुलास एवढेंच लागतें, तुमच्याच मुलास एवढें कां?" हा प्रश्न सहज विचारला जातो, पण ऐकणाऱ्या आईच्या मनांत तो रात्रभर सलत राहतो, व एखादे दिवशीं तिचा हात गोळी मोडावयास धजतो. त्याऐवजीं आपण असें विचारावें कीं, रक्त तपासण्याचा दिवस कधीं आहे? त्या दिवशीं गाडी हवी आहे काय? धाकट्या भावंडांस कोण सांभाळील? महिन्याचें औषध संपण्यापूर्वीं आणावयाचें आहे काय? असे प्रश्न विचारणारा शेजारी वैद्याच्या तोडीचें काम करितो.

बंधुभगिनींनो, एका चिमुकल्या देहांत आईबापांचे व दात्याचे लेख एकत्र येतात, वय त्यांत आपली भर घालतें, आणि या सर्वांचा मेळ बसून जें माप निघतें, तें त्या एकाच मुलाचें असतें. दुसऱ्या कोणाचेंहि नसतें. शेजारच्या मुलाची गोळी पाहून तें जोखतां येत नाहीं, व आजाराचें मोजमाप म्हणूनहि तें वाचतां येत नाहीं. त्याची साक्ष रक्ताच्या परीक्षेंतच मिळते. ही एवढी एकच गोष्ट आपण येथून घरीं नेली व गरजेच्या वेळीं एखाद्या भ्यालेल्या आईस शांतपणें सांगितली, तर आजचा आपला वेळ सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.